‘येतो रे मुलांनो’: युद्धाचा सिनेमा मुलांना दाखवण्याआधी पालक जे विचारतात

गेली काही वर्षं मी नागपुरात, धरमपेठेतल्या एका लहानशा सभागृहात, शाळकरी मुलांना महिन्यातून एकदा सिनेमा दाखवते. जानेवारीतला सिनेमा ठरलेला असतो: लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९८७ सालचा ‘ओ रव्वार लेझाँफाँ’. डिसेंबर संपत आला की पालकांचे फोन सुरू होतात. युद्धाचा सिनेमा आहे म्हणता, मग लहान मुलांना कशाला? रात्री झोपेत दचकतील का? शेवटी काय होतं ते आधीच सांगा. दर वर्षी तीच उत्तरं फोनवर घाईघाईत द्यायची आणि नंतर अर्धं सांगायचं राहिलं म्हणून हळहळायचं, त्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलं. शेवटही सांगितलाय. मुलाला घेऊन येणाऱ्या आईबापाला तो माहीत असायलाच हवा.

सिनेमात नेमकं आहे काय?

जानेवारी १९४४. फ्रान्सवर जर्मनांचा अंमल येऊन साडेतीन वर्षं झालीत. पॅरिसपासून थोड्या अंतरावर पाद्री चालवतात ते मुलांचं निवासी विद्यालय आहे. नाताळाची सुट्टी संपवून ज्युलियन नावाचा मुलगा तिथे परत येतो. स्टेशनवर आईला मिठी मारतो, रडवेला होतो, ती त्याचा मुका घेते आणि तिच्या लिपस्टिकचा ठसा त्याच्या चेहऱ्यावर राहतो. आख्खा सिनेमा राखाडी, निळसर, थंडीने गारठलेला आहे, त्यामुळे तो लाल ठसा डोळ्यांत भरतो.

शाळेत एक नवा मुलगा आलाय, ज्याँ बोने. त्याची खाट ज्युलियनच्या शेजारीच. तो गणितात हुशार आहे, पियानो सुरेख वाजवतो आणि त्याला घरून कुणाचं पत्र येत नाही. ज्युलियनला आधी त्याचा राग येतो. आजवर वर्गात हुशार म्हणून आपलंच नाव होतं, आता हा कुठून आला? मग कुतूहल वाटायला लागतं. एका रात्री जाग येते तेव्हा ज्याँ मेणबत्त्या लावून अनोळखी भाषेत काहीतरी पुटपुटत असतो. पुढे त्याच्या कपाटातल्या एका पुस्तकावर ज्युलियनला वेगळंच आडनाव सापडतं: किपेलस्टाइन. ज्याँ ज्यू आहे. शाळेचे मुख्याध्यापक फादर त्याला आणि आणखी दोघांना खोट्या नावांनी लपवून ठेवतायत.

दोघांची मैत्री होते. आणि एका सकाळी वर्गाचं दार उघडून गेस्टापो, म्हणजे जर्मनांचे गुप्त पोलीस, आत येतात.

नावाचा अर्थ काय? मराठीत काय म्हणाल?

शब्दकोश उघडलात तर ‘निरोप, मुलांनो’ असं काहीतरी सापडेल. पण फ्रेंचमध्ये निरोपाचे दोन शब्द आहेत. एक कायमचा. दुसरा ‘पुन्हा भेटेपर्यंत’ म्हणून घ्यायचा, आणि सिनेमाच्या नावात तोच आहे. आपल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घरात उंबऱ्यातून पाऊल बाहेर टाकताना ‘जातो’ म्हटलं की आजी ओरडते. ‘जातो’ नाही रे, ‘येतो’ म्हण. दवाखान्यात निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणतो आणि घरातले ‘या’ म्हणतात.

सिनेमाच्या शेवटी शिपाई फादरना घेऊन निघालेत. मुलं अंगणात थंडीत रांगेत उभी आहेत. ती म्हणतात, ‘ओ रव्वार, मों पेर’, म्हणजे ‘पुन्हा भेटू, फादर.’ फादर वळून उत्तर देतात. मुलांना आम्ही महत्त्वाच्या संवादांचा मराठी कागद देतो, त्यावर मी त्या ओळीचं असं केलंय: ‘येतो रे मुलांनो. लवकरच भेटू.’ पहिल्या वर्षी मी तिथे ‘निरोप घेतो’ असं लिहिलं होतं. एका आठवीतल्या मुलीने खेळ संपल्यावर पेन मागितलं, ते खोडलं आणि वर ‘येतो’ लिहिलं. तेव्हापासून तेच आहे.

ही खरी गोष्ट आहे का?

हो. लुई मालचा जन्म १९३२चा. १९४४च्या जानेवारीत तो अकरा वर्षांचा होता आणि फोंतेनब्लोजवळच्या आव्हों इथल्या अशाच एका, कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांच्या शाळेत शिकत होता. तिथले मुख्याध्यापक फादर जाक यांनी तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी शाळेत ठेवलं होतं. १५ जानेवारी १९४४ला गेस्टापोने त्या तिघांना आणि फादरना पकडून नेलं. मुलांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आलं आणि तिथे ती मारली गेली. फादर जाक माउटहाउझनच्या छळछावणीत पोचले. मे १९४५मध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा ते जिवंत होते, पण देह पार संपलेला होता. २ जून १९४५ला लिंझ इथे ते गेले. वय ४५. ज्यूंचे जीव वाचवणाऱ्या इतर धर्मीयांना इस्रायलमधली याद वाशेम ही संस्था जो सन्मान देते, तो त्यांना १९८५मध्ये देण्यात आला.

सिनेमात नावं बदललेली आहेत आणि प्रसंग कथेच्या सोयीने जुळवलेले आहेत, म्हणून त्याला माहितीपट समजू नका. पण शेवटच्या दृश्यावर जो पोक्त आवाज ऐकू येतो तो खुद्द दिग्दर्शकाचा आहे. चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी त्या सकाळचा क्षण न् क्षण मरेपर्यंत लक्षात राहील, असं तो सांगतो. पहिला कथापट काढून त्याला तोवर तीस वर्षं होत आली होती. हा विषय त्याने इतक्या उशिरा हातात घेतला.

रक्त, बॉम्ब, प्रेतं किती दिसतात?

दिसत नाहीत. एकही माणूस पडद्यावर मरत नाही.

म्हणूनच मी हा सिनेमा निवडला. आपली मुलं मोबाइलवर रोज गोळीबार बघतात, तो त्यांच्यासाठी खेळ झालाय. इथे युद्ध दिसतं ते मुलांच्या उंचीवरून. वर्गात इतकी थंडी की मुलं हातांवर फुंकर मारतात. घरून आलेली जॅमची बरणी म्हणजे पैसाच, ती देऊन स्वयंपाकघरातल्या पोऱ्याकडून टपाल तिकिटं मिळतात. भोंगा वाजला की तळघरात पळायचं. सार्वजनिक न्हाणीघराच्या दारावर ज्यूंना मज्जाव अशी पाटी. भिंतीवर नकाशा आणि त्यात टोचलेल्या छोट्या निशाण्या, कुठलं सैन्य कुठवर आलं ते कळावं म्हणून. मुलं या सगळ्यात खेळतात, भांडतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. एकजण अंथरूण ओलं करतो आणि ते लपवायला धडपडतो. तो आपला ज्युलियनच.

कोणत्या वयापासून?

अकरा पूर्ण. माझा अनुभव असा की पाचवीच्या आतलं मूल कंटाळतं, किंवा शेवट नीट न कळल्याने उगाच घाबरतं. सहावी ते नववी हे वय उत्तम. मोठी भावंडं धाकट्यांना सोबत आणतात, तेव्हा मी धाकट्यांना शेजारच्या खोलीत चित्रं काढायला बसवते. त्यावरून रुसवेफुगवे होतात, पण हा नियम मी मोडत नाही.

घरात अलीकडे मृत्यू झाला असेल, किंवा मूल नुकतंच वसतिगृहात राहायला जाणार असेल, तर या वर्षी राहू द्या. पुढच्या जानेवारीत आणा.

मुलाला दुसऱ्या महायुद्धाचं काहीच ठाऊक नाही. आधी किती सांगायचं?

पाच मिनिटांत सांगून होईल इतकंच. जून १९४०मध्ये फ्रान्स हरला. उत्तर भागावर थेट जर्मन सैन्य बसलं, दक्षिणेत विशी या गावातून जर्मनांच्या तालावर चालणारं फ्रेंच सरकार. नोव्हेंबर १९४२मध्ये जर्मनांनी दक्षिण भागही ताब्यात घेतला. पॅरिस सुटलं २५ ऑगस्ट १९४४ला. हा शेवटचा आकडा जरूर सांगा, कारण सिनेमा जानेवारीतला आहे. मुलं बोटं मोजतात: सात महिने. फक्त सात महिने.

ज्यू म्हणजे कोण, हे मुलं हमखास विचारतात. दूरदेशीचे कुणी लोक अशा थाटात सांगू नका. आपल्या कोकणात शेकडो वर्षं बेने इस्रायली राहत आले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी बोलणारे, मराठीत कीर्तन करणारे ज्यू. अलिबागकडचे पाहुणे असतील तर त्यांना विचारा. हे एवढं कळलं की पडद्यावरचा ज्याँ बोने परका राहत नाही.

एक प्रसंग मुलांना न सांगताही पोचतो. ज्युलियन आजारी पडून शाळेच्या दवाखान्यात झोपलाय. ज्याँ भेटायला येतो. ज्युलियन त्याला घरून आलेला मांसाचा पदार्थ देऊ करतो, ज्याँ नको म्हणतो. डुकराचं आहे म्हणून नको ना, असं ज्युलियन फटकन विचारतो आणि ज्याँ भडकतो. आमच्या मुलांना हा क्षण लगेच समजतो, कारण डब्यातलं काहीतरी ‘मी नाही खात’ म्हणणारा कुणीतरी प्रत्येक वर्गात असतो आणि ‘का नाही खात?’ विचारणाराही असतोच. त्या प्रश्नाच्या पोटात काय काय असू शकतं, ते इथे दिसतं.

जर्मन वाईट आणि फ्रेंच चांगले, असं सरळ का नाही दाखवलं? मुलं गोंधळतात.

गोंधळू द्या. एक दृश्य सांगते. पालकभेटीचा दिवस. ज्युलियनची आई मुलांना आणि ज्याँला घेऊन एका चांगल्या हॉटेलात जेवायला जाते. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच जेवतायत. गणवेशातले लोक आत शिरतात, त्यांची कागदपत्रं बघतात आणि ज्यू माणूस इथे जेवतोच कसा म्हणून दरडावतात. हे गणवेशवाले जर्मन नाहीत. ते फ्रेंच आहेत, मिलिस नावाच्या निमलष्करी दलाचे. शेवटी मागे बसलेला एक जर्मन अधिकारी उठतो आणि त्यांना हाकलून लावतो. इकडे ज्युलियनच्या टेबलावर पोरगेलासा ज्याँ गप्प बसलेला आहे आणि आईला त्याचं खरं आडनाव माहीत नाही.

परक्या सत्तेला रोजचं राज्य स्वतःच्या हातांनी चालवावं लागत नाही, ते चालवणारे हात गावातलेच असतात. जुलै १९४२मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३ हजार ज्यूंना धरलं गेलं आणि त्यात चार हजारांवर मुलं होती. धरपकड केली पॅरिसच्या पोलिसांनी. फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे कबूल केली ती जुलै १९९५मध्ये, म्हणजे हा सिनेमा येऊन आठ वर्षं झाल्यावर. माल हे आधीच दाखवून बसला होता, तेही एका जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत.

मग फितूर कोण?

हा प्रश्न पालकांपेक्षा मुलंच जास्त विचारतात, आणि ती हाच शब्द वापरतात. दिवाळीत किल्ले बांधणारी, गडांच्या गोष्टी ऐकत वाढलेली आपली मुलं. कुठलाही किल्ला पडला की आतला फितूर कोण, हे त्यांना आधी हवं असतं.

इथला फितूर जोसेफ. स्वयंपाकघरातला पोऱ्या, सतरा-अठराचा, पायाने अधू. शाळेतली श्रीमंत मुलं त्याची थट्टा करतात आणि त्याच्याशी चोरटा व्यापारही करतात, जॅम आणि साखरेच्या बदल्यात सिगारेटी आणि तिकिटं. हे उघडकीला येतं तेव्हा व्यवहारात सामील असलेल्या मुलांना रागावून सोडून दिलं जातं, कारण त्यांचे आईबाप मोठे आहेत. काढून टाकलं जातं फक्त जोसेफला. फादरना स्वतःलाही कळतं की हा अन्याय आहे. तेच फादर, जे जीव धोक्यात घालून तीन मुलांना लपवतायत. जोसेफ जातो तो थेट गेस्टापोकडे.

मी मुलांना एवढंच विचारते की जोसेफला काढताना कुणी काही बोललं का. मग खूप वेळ कुणी बोलत नाही. एका वर्षी मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘काकू, त्याच्यासोबत चुकीचं झालं. पण त्यानं केलं ते त्याहून लई चुकीचं आहे. दोन्ही खरं आहे ना?’ मी हो म्हटलं. यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

ज्युलियनमुळे ज्याँ पकडला गेला का?

सगळ्यात जड प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्ग चालू आहे. साध्या कपड्यांतला गेस्टापोचा माणूस आत येतो आणि विचारतो, किपेलस्टाइन कोण? सगळे गप्प. तो रांगांमधून फिरतो, मुलांचे चेहरे न्याहाळतो, मग भिंतीवरच्या नकाशाकडे जाऊन त्यातल्या निशाण्या उपटायला लागतो. पाठ वळलेली आहे. तेवढ्यात ज्युलियन मान वळवून ज्याँकडे बघतो. निमिषभर. तो माणूस नेमका त्याच वेळी वळतो. काही बोलत नाही, सरळ ज्याँच्या बाकापाशी जाऊन उभा राहतो. ज्याँ उठतो, वह्या-पेनं नीट लावतो, आजूबाजूच्या मुलांशी हस्तांदोलन करतो आणि कोट चढवून निघतो.

आमच्या सभागृहात त्या क्षणी दर वर्षी तोच आवाज होतो. चाळीस-पन्नास मुलांनी एकदम श्वास आत घेतल्याचा.

मुलं यावर घरी जाऊन विचार करतात. आपल्या एका बघण्याने मित्र गेला, ही भीती मुलाला आतून धरते. त्यांना तीन गोष्टी आठवण करून द्या. पहिली, बातमी आधीच पोचलेली होती, खरं आडनाव घेऊनच तो माणूस वर्गात शिरला. दुसरी, ज्युलियनने मित्राकडे बघितलं ते काळजीने. काळजीपोटी बघणाऱ्या मुलावर हे ओझं ज्यांनी टाकलं ते दुसरे आहेत. तिसरी गोष्ट सिनेमा स्वतःच सांगतो. नंतर शयनगृहात ज्याँ सामान भरत असताना ज्युलियन समोर उभा राहतो, त्याला शब्द सुचत नाहीत. ज्याँच त्याची समजूत काढतो: वाईट वाटून घेऊ नको, त्यांनी मला तसंही पकडलंच असतं.

पण ‘त्याची काहीच चूक नाही, विसर’ असं घाईने म्हणू नका. दिग्दर्शक चार दशकं विसरला नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मी असती तर मीपण बघितलं असतं.’ तिला त्यावर उत्तर नको होतं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली आणि आईनेही काही समजावलं नाही. मला ते फार बरोबर वाटलं.

चार्ली चॅप्लिन मध्येच कुठून येतो?

माझं सगळ्यात आवडतं दृश्य. शाळेत मुलांना सिनेमा दाखवतात, चॅप्लिनचा १९१७चा ‘द इमिग्रंट’. मूकपट, म्हणून एक शिक्षक व्हायोलिन वाजवतात आणि पियानोवर शिक्षिका आहेत. मुलं, शिक्षक, पाद्री सगळे पोट धरून हसतायत. पडद्यावर जहाज न्यूयॉर्कला पोचतं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, गरीब स्थलांतरित टक लावून बघतात. आणि माल कॅमेरा लपून राहिलेल्या मुलांच्या चेहऱ्यांकडे नेतो.

आमच्याकडे काय होतं बघा. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून आम्ही सतरंज्या आणि जुनी ब्लँकेटं टांगतो. नागपूरची जानेवारीतली थंडी, मुलं शाली गुंडाळून जमिनीवर बसलेली. पडद्यावरची मुलंही तशीच कोट गुंडाळून चॅप्लिन बघतायत. तो घसरतो, तिथली मुलं हसतात, इथली हसतात, आणि दोन-तीन मिनिटं कोणता हशा कुठला ते ओळखू येत नाही. मी तेव्हा पडद्याकडे न बघता मुलांकडे बघते.

सिनेमा फ्रेंच आहे. मुलांना कळतो?

कळतो. संवाद फ्रेंच आणि थोडे जर्मन, खाली इंग्रजी सबटायटल, तीही भराभर जाणारी. म्हणून आम्ही महत्त्वाचे पन्नासेक संवाद मराठीत करून कागदावर देतो, आणि सुरुवातीला कोण कोण आहे ते फळ्यावर लिहितो. आपल्या कानाला ज्याँ, जोसेफ, ज्युलियन ही तीनही ‘ज’ची नावं गोंधळात टाकतात. लांबी १०४ मिनिटं. मध्यंतर करत नाही.

आमच्या शाळेत दाखवायचा असेल तर परवानगी लागते का?

शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि उपक्रमाशी संबंधित लोकच बघणार असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये त्याला सवलत आहे. बाहेरच्या प्रेक्षकांसाठी खुला खेळ लावायचा तर हक्कधारकांची परवानगी घ्यावीच लागते. कुठूनतरी उतरवलेली चोरीची प्रत मुलांना दाखवू नका. एका शाळेने तसं केलं आणि अर्ध्यातच चित्र अडकलं, गेस्टापो दारात उभे असताना. मुलांना शेवट तोंडी सांगावा लागला. त्या मुलांना मी पुढच्या वर्षी परत बोलावलं.

हे सगळं युरोपातलं. आपल्या भागाशी काय संबंध?

ताबा आणि वसाहत हे एकच नाहीत, आणि ओढूनताणून तुलना करू नये. पण परक्या सत्तेचे शिपाई घरात शिरले तेव्हा मुलांनी काय पाहिलं, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर चिमूर आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, ‘चले जाव’ आंदोलन पेटलेलं. गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना मारलं, आणि मग सैन्य आलं. पुरुषांना धरून नेलं, मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी प्राणांतिक उपोषणाला बसले. हा इतिहास हुतात्म्यांच्या नावांनी सांगितला जातो आणि तसाच सांगायला हवा. पण त्या दिवशी दाराच्या फटीतून बघणारी सहा-सात वर्षांची मुलंही होती. त्यांच्या उंचीवरून चिमूर कुणीतरी दाखवावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

एका वर्षी खेळानंतर एक आजोबा नातवाला सांगत होते, आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं बेचाळीसचं बोलायला लागली की आम्हाला बाहेर पाठवायची. नातू म्हणाला, ‘मग तुम्ही काय करत होते?’ आजोबा म्हणाले, ‘खिडकीखाली बसत होतो.’ तुमच्याही घरात खिडकीखाली बसलेलं कुणी असेल तर त्यांना सोबत घेऊन या. खुर्ची देऊ.

या दिग्दर्शकाचा भारताशी काही संबंध?

आहे. १९६८मध्ये तो इथे येऊन काही महिने फिरला आणि त्यातून ‘फँटम इंडिया’ ही सात भागांची मालिका आणि कोलकात्यावरचा एक माहितीपट झाला. १९७०मध्ये बीबीसीने मालिका दाखवली तेव्हा आपल्या सरकारला ती झोंबली आणि बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय काही काळ बंद झालं. मुलांना त्यात रस नसतो, वडीलधाऱ्यांना असतो.

हा पाहिल्यावर पुढे काय बघावं?

घाई करू नका. सहा महिने जाऊ द्या. मग रोबेर्तो रोसेलिनीचा १९४५चा ‘रोम, ओपन सिटी’ बघता येईल, नववी-दहावीच्या मुलांनी, कारण त्यात छळाचं दृश्य आहे. त्याच्या शेवटी पाद्रीला गोळी घालतात आणि कुंपणापलीकडे उभी मुलं शीळ घालून त्याला आपण असल्याची खूण देतात. मग ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून शहराकडे परत जातात. रने क्लेमांचा १९५२चा ‘फॉरबिडन गेम्स’ लहानांना चालेल असं नावावरून आणि पोस्टरवरून वाटतं, पण त्याची पहिली काही मिनिटं फार कठीण आहेत. रस्त्यावर बॉम्ब पडतात, पाच वर्षांच्या मुलीचे आईबाप जातात आणि ती मेलेलं कुत्र्याचं पिल्लू कवटाळून बसते. आधी स्वतः बघा.

एलेम क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’ हा १९८५चा, जर्मनांच्या ताब्यातल्या बेलारूसमधल्या एका पोरावरचा. मोठा सिनेमा आहे यात शंका नाही. अठराच्या आतल्या कुणालाही मी तो दाखवणार नाही. मला स्वतःला तो दोन बैठकांत बघावा लागला.

मूल रडलं तर?

रडू द्या. दिवे लगेच लावत नाही आम्ही. नंतर गरम दूध आणि मुरमुऱ्याचा चिवडा असतो, सगळे गोल बसतात, बोलायची सक्ती नसते. ‘काय शिकलास?’ हा प्रश्न तेवढा त्या दिवशी विचारू नका. वाटेत गाडीवर मागे बसलेलं मूल गप्प असेल तर तुम्हीही गप्प राहा.

आणि घरी येऊनही काहीच बोललं नाही तर?

थांबा. बोलेल. कधी, ते सांगता येत नाही.

ज्याँ आणि ज्युलियन रात्री पांघरुणात टॉर्च लावून ‘अरेबियन नाइट्स’ वाचतात. शेवटच्या त्या सकाळी, शयनगृहात, ज्याँ आपली पुस्तकं ज्युलियनला देऊन टाकतो, म्हणतो माझी सगळी वाचून झालीत. ज्युलियन गादीखालून ‘अरेबियन नाइट्स’ काढतो आणि त्याच्या हातात ठेवतो. ज्याँ ते पिशवीत घालतो.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाच्या आईचा फोन आला, खेळ होऊन अकरा दिवस झाल्यावर. मुलगा तोवर सिनेमाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती आणि तो ओट्याशी उभा राहून दप्तराचा पट्टा ओढत म्हणाला, ‘आई, ते पुस्तक पूर्ण वाचून झालं असेल का त्याचं? की तिथे गेल्यावर घेतलं असेल त्याच्याकडून?’

तिने मला विचारलं, काय सांगू. मी म्हटलं, खरं सांगा. आउशवित्झला गाडीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांचं सामान काढून घेत. तिने तसं सांगितलं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, ‘पण गाडीत तर होतं ना त्याच्याजवळ.’